पाहुण्यांना ‘हे नको’ म्हणता येईल इतका वेळ ठेवा: पॉडकास्टला मंजुरी देणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
महिलांचे स्वास्थ्य, समाजाचा वारसा आणि कामाच्या ठिकाणची सर्वसमावेशकता या विषयांवर पॉडकास्ट काढणाऱ्या व त्यांना निधी देणाऱ्या संस्थांचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर पॉडकास्टचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यात एपिसोडची संख्या असते, प्रसिद्धीच्या तारखा असतात, अंदाजपत्रक असते आणि किती जण ऐकतील याचा आकडाही असतो. जिच्या बोलण्यावर सगळी मालिका उभी राहणार, तिच्याबद्दल मात्र एकच ओळ असते: ‘संमतिपत्रावर सही घेतली जाईल.’

आम्ही अशा मालिकांसाठी संशोधन, रेकॉर्डिंग, एडिट आणि शब्दांकनाचे, म्हणजे बोललेले जसेच्या तसे लिहून काढण्याचे, काम करतो. आमची मागणी एवढीच आहे की तयार एपिसोड ऐकून ‘हे नको’ म्हणायला पाहुण्यांना वेळ मिळावा, आणि तो वेळ व त्याचा खर्च मंजुरीच्याच कागदात लिहिलेला असावा. मागाहून सोय करू, असे म्हटले की ती सोय होत नाही.

पॉडकास्ट परत घेता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. एपिसोड म्हणजे सर्व्हरवरची एक फाइल, आणि आरएसएस फीड म्हणजे तिचा पत्ता सांगणारी यादी. यादीत नवा पत्ता दिसला की अनेकांचे ॲप ती फाइल आपोआप फोनमध्ये उतरवून घेते. तुम्ही नंतर एपिसोड यादीतून काढला तरी उतरलेल्या प्रती तिथेच राहतात. नको असलेले वाक्य कापून सुधारित फाइल चढवली, तर ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांना बहुधा नवी मिळत नाही, कारण ॲपच्या दृष्टीने एपिसोडचा ओळखक्रमांक तोच असतो. ओळखक्रमांक बदलला तर तोच एपिसोड नवा म्हणून सगळ्यांच्या यादीत वर येतो आणि झाकायच्या गोष्टीकडेच लक्ष वेधले जाते. व्हिडिओच्या मंचावरची प्रत, समाजमाध्यमांवर टाकलेल्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिप, ॲपने स्वतः केलेले शब्दांकन, हे आणखी निराळे. शिवाय आवाजाची नक्कल करणे आता सोपे झाले आहे. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज हुबेहूब उभा करणारी प्रणाली मांडली. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत तसे किती नमुने असतील, याचा विचार करा.

म्हणून संमती एकदा घेऊन भागत नाही. रेकॉर्डिंगच्या निदान आठवडाभर आधी अर्धा तास बोलणे व्हावे, आणि ते रेकॉर्ड करू नये. विषय कोणता, प्रश्न साधारण कोणते, एपिसोड कुठे कुठे दिसेल, नाव खरे द्यायचे की नाही आणि कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे तिथे ठरते. माइक सुरू करण्याआधी तेच पुन्हा थोडक्यात विचारावे, कारण आठवडाभरात घरी बोलणे झालेले असते आणि मन बदललेले असू शकते. फोनवर किंवा संगणकावरून मुलाखत असेल तर खोलीत दुसरे कोणी आहे का, हे आवर्जून विचारावे. थांबायचे झाल्यास वापरायचा एक साधा शब्दही ठरवून ठेवावा.

तयार एपिसोड ऐकल्यानंतरची विचारणा सर्वांत महत्त्वाची, आणि वेळापत्रकातून नेमकी हीच गळते. रेकॉर्डिंगच्या दिवशी समोर कोणीतरी मन लावून ऐकत असते. बोलणारी व्यक्ती भरात असते, पुष्कळदा वर्षानुवर्षे न बोललेले बोलून मोकळी झालेली असते. खुर्चीवरून उठता उठता तिच्यापुढे कागद सरकवला तर ती सही करतेच. त्या सहीवर तुम्ही विसंबू नये. एडिट झाल्यावर फाइल आणि शब्दांकन दोन्ही पाठवा आणि १४ दिवस द्या. उत्तर आले नाही तर फोन करा. गप्प राहण्याला होकार समजू नका. पुढे तोच आवाज दुसऱ्या मालिकेत, प्रशिक्षणात किंवा वार्षिक कार्यक्रमात वापरायचा असेल, तर नव्याने विचारा.

संमतिपत्रात पूर्ण एपिसोड, शब्दांकन, छायाचित्र, समाजमाध्यमांवरच्या क्लिप, कायमचे जतन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकवण्यासाठी आवाजाचा वापर, या प्रत्येकापुढे हो-नाहीची स्वतंत्र चौकट असावी. एकाच परिच्छेदात सगळे कोंबले की मुलाखत हवी असलेल्या बाईला क्लिपलाही नाइलाजाने हो म्हणावे लागते. आणि जास्त त्रास क्लिपचाच होतो. मागचे-पुढचे बोलणे तुटलेले असते आणि खाली अनोळखी लोकांचे शेरे येतात.

‘आवाज बदलून देऊ’ असे आश्वासन सहज दिले जाते. ते देऊ नका. पट्टी वर-खाली करून बदललेला आवाज तेवढाच उलट सरकवला की मूळ आवाजाच्या जवळ येतो, आणि किती सरकवायचे हे थोड्या प्रयत्नांत सापडते. शिवाय ओळखीची माणसे बोलण्याच्या लयीवरून, ठरावीक शब्दांवरून, हसण्यावरूनही ओळखतात. ओळख खरोखर झाकायची असेल तर शब्दांकन दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या आणि तसे ऐकणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा. मूळ फाइल कुलूपबंद ठेवायची की ठरलेल्या तारखेला पुसायची, हे पाहुणीशी बोलून ठरवा. त्यानंतर तपशील तपासा. हुद्दा, नोकरीला लागल्याचे वर्ष आणि मुलांची संख्या या गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी वाटतात, पण एकत्र आल्या की ऑफिसात एकच बाई उरते. ‘यावरून तुम्हाला कोण ओळखेल?’ हा प्रश्न तिलाच विचारावा, कारण उत्तर फक्त तिला माहीत असते. तिच्या बोलण्यात आई, बहीण, नवरा, डॉक्टर येतात. त्यांनी कशालाच संमती दिलेली नाही, म्हणून त्यांचे आजार आणि नावे एडिटमध्ये काढलेली बरी.

आरोग्याच्या एपिसोडमध्ये आणखी एक अडचण असते. अनुभव आणि वैद्यकीय विधान एकाच वाक्यात येतात. ‘मला या गोळीने बरे वाटले’ हा अनुभव आहे आणि तो तपासायचा नसतो. ‘ही गोळी सगळ्यांना चालते’ हे विधान आहे आणि ते तपासल्याशिवाय जाता कामा नये. शब्दांकनात अशी विधाने वेगळ्या रंगाने दाखवून त्या विषयाच्या डॉक्टरकडून वाचून घ्यावीत. एखादे विधान चुकीचे निघाले तर पाहुणीचे बोलणे गुपचूप कापण्याऐवजी तिला कळवून निवेदनात दुरुस्ती घालावी.

आकड्यांच्या बाबतीत तर फार जपावे लागते. २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा एक भाग मध्येच थांबवला गेला. रजोनिवृत्तीच्या उपचारात दिली जाणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर गेली आणि असंख्य स्त्रियांनी हे उपचार सोडले. तोच निष्कर्ष वेगळ्या शब्दांत सांगायचा तर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ जणींना कर्करोग, म्हणजे ८ जास्त. चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि बहुतेकींची पाळी ४५ ते ५५ या वयात थांबते. हे सगळे खरे असताना ऐकणाऱ्यांच्या मनात फक्त २६ टक्के राहिले. वाचताना डोळे मागे नेता येतात, ऐकताना क्वचितच कोणी मागे जाते. म्हणून धोका सांगायचा तर ‘इतक्या जणींमागे इतक्या’ असाच सांगा आणि एका मिनिटात एकाहून जास्त आकडे घालू नका. ज्या खुणा दिसल्यावर तपासणी टाळू नये, त्या आवाजातच सांगा. उदाहरणार्थ, सलग १२ महिने पाळी न आल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. एपिसोडखालच्या वर्णनात लिहून ठेवलेली सूचना, काम करता करता ऐकणाऱ्या बाईच्या नजरेस पडत नाही.

हिंसाचारावरच्या एपिसोडला तर शीर्षकापासून काळजी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे तीनपैकी एका स्त्रीला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते. तुमच्या ऐकणाऱ्यांमध्येही त्या आहेतच, आणि काही जणी आजही त्याच घरात राहतात. नवा एपिसोड आला की शीर्षक फोनच्या बंद पडद्यावर उमटते, गाडीतल्या किंवा घरातल्या स्पीकरच्या पडद्यावर दिसते. ‘मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटका’ असे शीर्षक शोधणाऱ्यांना चटकन सापडते, हे मान्य. पण ते चुकीच्या माणसाच्या नजरेस पडले तर ऐकणारी अडचणीत येते. आमचे मत असे की शीर्षक साधे ठेवावे आणि शोधायला लागणारे शब्द वर्णनात घालावेत. सावधगिरीची सूचना पहिल्या ३० सेकंदांत यावी आणि कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंतचा भाग वगळता येईल, हेही त्या सूचनेत सांगावे. मुलाखतीनंतर किमान २० मिनिटे मोकळी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणीला फोन करणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असू द्या.

वारशाच्या मालिकांमध्ये प्रश्न एका व्यक्तीच्या संमतीपुरता राहत नाही. गाणे एका आजीने म्हटले तरी ते तिच्या एकटीचे नसते. युनेस्कोचा अमूर्त सांस्कृतिक वारशाबद्दलचा करार २००३ चा. त्यावर आधारलेली १२ नैतिक तत्त्वे २०१५ मध्ये मान्य झाली. त्यांत समाजाची संमती मोकळेपणी, आधी, माहिती देऊन घेतलेली आणि टिकून राहणारी असावी असे म्हटले आहे. एखादी परंपरा कोणी ऐकावी, कोणी पाहावी याचे समाजाचे रिवाज जपावेत, त्यामुळे ती सर्वांना खुली राहिली नाही तरी चालेल, असेही त्यांत आहे. पॉडकास्ट करणाऱ्यांना हे पचायला जड जाते, कारण आपले सगळे काम सर्वांपर्यंत पोहोचवण्याचे. पण काही गाणी ठरावीक ऋतूतच म्हणायची असतात, काही फक्त बायकांमध्ये, आणि काही औषधांची माहिती ठरावीक घरांबाहेर जात नाही. ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमाने मूलनिवासी समाजांसोबत अशा सामग्रीसाठी खुणांची पद्धत बसवली आहे. ‘हे हंगामी आहे’, ‘हे फक्त स्त्रियांसाठी आहे’ अशा त्या खुणा असतात. आरएसएस फीडला असला भेद कळत नाही. फीडमध्ये टाकले की ते सर्वांचे झाले. त्यामुळे मर्यादित ऐकण्याचे साहित्य फीडमध्ये जाऊच नये. ते जतन व्हावे, समाजाकडे राहावे, आणि एपिसोडमध्ये फक्त त्याच्याबद्दलचे बोलणे यावे.

जतन म्हणजे तयार एपिसोडची लिंक पाठवणे नव्हे. न कापलेले पूर्ण रेकॉर्डिंग, त्यासोबत कितव्या मिनिटाला काय आहे याची सूची, बोलणाऱ्यांची त्यांनी सांगितलेली नावे, बोलीचे नाव आणि तारीख, हे सारे त्यांच्या हाती पोहोचवावे. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोली आवाजात म्हणून ठेवावी, कारण फाइलचे नाव कधी ना कधी बदलले जाते. बोलीतले बोलणे प्रमाण भाषेच्या निवेदनाखाली दाबू नका. आधी मूळ आवाज निदान दहा सेकंद निखळ ऐकू द्या, मग अर्थ सांगा. वयस्क माणसांची मुलाखत ४५ मिनिटांवर नेऊ नये. त्यांच्या बोलण्यातले थांबेही भराभर कापू नयेत. आठवण शोधत थांबणे आणि उत्तर टाळत थांबणे यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतो, आणि कापून टाकला की तो नाहीसा होतो.

आता कार्यालयांबद्दल. कर्मचाऱ्याला तिच्याच संस्थेच्या पॉडकास्टवर बोलायला बोलावले जाते तेव्हा विचारणारा तिची बढती ठरवणारा असेल, तर होकाराला अर्थ उरत नाही. विचारणा तिच्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरच्या व्यक्तीने करावी, मुलाखत मनुष्यबळ विभागाने घेऊ नये, आणि नकार कोणी दिला याची यादी कोणापर्यंत जाऊ नये. हा वेळ कामाच्या तासांत धरावा. छळाच्या सुरू असलेल्या तक्रारीवर एपिसोड करूच नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामाच्या ठिकाणच्या हिंसा व छळाविषयीचा करार क्रमांक १९० हा २०१९ मध्ये स्वीकारला गेला आणि २५ जून २०२१ पासून अमलात आला. त्यात गोपनीयतेची बाब आहे, तसेच तक्रारदार व साक्षीदारांना सूडापासून संरक्षण देण्याचीही. मालिकेची आखणी करणाऱ्याने ती कलमे वाचलेली असावीत.

एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. कर्मचाऱ्यांपुरत्या खासगी फीडमध्ये बहुधा प्रत्येकाला वेगळा पत्ता दिलेला असतो. म्हणजे रजोनिवृत्तीवरचा, नैराश्यावरचा किंवा तक्रार कशी करावी यावरचा एपिसोड कोणी ऐकला, हे मालकाला दिसू शकते. असे एपिसोड खुल्या फीडवरही ठेवा, म्हणजे घरच्या फोनवर ऐकता येतील. एपिसोडच्या फाइल ठेवणाऱ्या होस्टिंग सेवेकडून व्यक्तिगत नोंदी न घेता फक्त एकूण आकडे घ्या आणि तसे कर्मचाऱ्यांना लेखी सांगा. आणि एकाच अपंग सहकाऱ्याला किंवा एकाच बाईला सगळ्यांच्या वतीने बोलायला लावू नका. तिघी-चौघींनी वेगवेगळे सांगितले की एकीवरचा भार कमी होतो आणि ओळखू येण्याची भीतीही.

रेकॉर्डिंगची रीतसुद्धा नकाराच्या हक्काशी जोडलेली आहे. प्रत्येक बोलणाऱ्याला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक द्या, म्हणजे प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे नोंदला जाईल. दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर, एकमेकांवर चढलेले असले तर पाहुणीने ‘हे वाक्य काढा’ म्हटल्यावर ते स्वच्छ काढता येत नाही. मग एडिटर तिला समजावू लागतो की राहू द्या, फार काही नाही. माइक तोंडापासून चार-पाच इंचांवर आणि किंचित तिरका असावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. पंखा, एसी, फ्रिज बंद करून खोलीची मिनिटभर शांतता रेकॉर्ड करून घ्या. वाक्य कापल्यावर ते भोक बुजवायला तीच लागते, नाहीतर कापल्याची जागा कानाला जाणवते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी न दाबलेल्या आवाजाची वेव्ह फाइल ठेवली तर जतनालाही तीच चालते. दोन ट्रॅकचे तासभराचे रेकॉर्डिंग साधारण एक जीबी होते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळाच. पण कोणती प्रत कुठे आहे याची नोंदही ठेवा, कारण ‘पुसा’ म्हटल्यावर तिन्ही पुसाव्या लागतात. तयार एपिसोडच्या आवाजाची पातळी स्टिरिओसाठी उणे १६ आणि मोनोसाठी उणे १९ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याच्या एककाच्या) आसपास ठेवा. हळू बोलणारीचा आवाज निवेदकाच्या आवाजापुढे बुडू नये.

शब्दांकन हे ऐकू न येणाऱ्यांसाठी तर हवेच. संकेतस्थळांच्या सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत ते सर्वांत प्राथमिक पातळीवर येते. पण नको असलेले वाक्य पाहुणीला सापडते तेही बहुधा शब्दांकनातच. यंत्राने केलेले शब्दांकन तसेच पाठवू नका. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींची चाचणी झाली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शब्दचुकांचे प्रमाण १९ टक्के होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के. बोली जितकी प्रमाण भाषेपासून दूर, तितकी यंत्राची चूक वाढते. एखादा ‘नाही’ गळाला की अर्थच उलटतो. तासाभराच्या बोलण्याची दुरुस्ती करायला दोन-तीन तास धरा.

हे सगळे धरले तर ४० मिनिटांच्या एका एपिसोडमागे आमच्या हिशेबाने ३० ते ४० तासांचे काम आणि रेकॉर्डिंगपासून प्रसिद्धीपर्यंत पाच-सहा आठवडे लागतात. दर आठवड्याला एपिसोड हवा असा आग्रह धरला तर यातले काहीच होत नाही. २४ ऐवजी ८ एपिसोड मंजूर करा. पाहुण्यांना मानधन द्या, आणि एपिसोड मागे घेतला गेला तरी द्या. नाहीतर पैशांच्या भीतीने कोणी नकार देणार नाही. डाउनलोडच्या आकड्यावर यश मोजू नका. ऑनलाइन जाहिरातींचे निकष ठरवणाऱ्या आयएबी या संस्थेच्या मापनाच्या नियमांत साधारण मिनिटभराचा आवाज उतरला की एक डाउनलोड धरला जातो. कोणी ऐकले की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा किती जण शेवटपर्यंत पोहोचले, किती पाहुण्यांनी एपिसोड स्वतःहून आपल्या माणसांना पाठवला, कितींनी बदल मागितले आणि ते झाले का, हे विचारा. एकाही पाहुण्याने बदल मागितला नसेल तर आधी १४ दिवस खरोखर दिले होते का, ते तपासा.

शेवटची विनंती अधिकाराबद्दल आहे. प्रत्येक मालिकेसाठी एक व्यक्ती नेमा, जी प्रसिद्धीच्या आदल्या रात्रीही एपिसोड थांबवू शकेल, जाहिरात निघालेली असली तरी आणि प्रायोजक नाराज होणार असला तरी. ती निर्माता किंवा जनसंपर्क विभागातली नसावी. तिचे नाव आणि फोन नंबर पहिल्या संमतिपत्रावरच छापा, म्हणजे पाहुण्यांना तो नंतर शोधावा लागणार नाही.

कळावे.

आपले,
संशोधन, रेकॉर्डिंग, एडिट आणि शब्दांकन करणारे सहकारी